अण्णांची रक्तवाहिनी उघडली, हे चुकले का?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून एकतीस वर्षांच्या एका ताईंनी हे पत्र लिहिले आहे. त्यांचे वडील, ज्यांना त्या अण्णा म्हणतात, ६३ वर्षांचे शेतकरी आहेत. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास अण्णांच्या छातीत दुखू लागले. पित्त झाले असेल असे समजून ते सोडा घेऊन पडून राहिले. शहरातल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होऊन बंद रक्तवाहिनी उघडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. संमतीपत्रावर सही ताईंनी केली. तिसऱ्या दिवशीच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आले, आणि एका डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितले की, रक्त पुन्हा सुरू होतानाही हृदयाला थोडी इजा होते. त्या रात्री ताईंनी मोबाइलवर वाचले की, रक्त परत आले की पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांत कॅल्शियम घुसते आणि पेशी मरतात. तेव्हापासून त्यांनी अण्णांचे दूध-दही बंद केले आहे आणि आईच्या हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्याही थांबवल्या आहेत. एक आतेभाऊ मायटोकॉन्ड्रियांना बळ देणारी पावडर महिन्याला साडेचार हजार रुपयांना देऊ पाहत आहे, आणि ती सुरू केली की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कमी करता येतील, असे त्याचे म्हणणे आहे. ताई विचारतात : माझ्या सहीने अण्णांच्या पेशी मेल्या का? हे कॅल्शियम रोखणारे औषध आहे का? आणि गेलेली ताकद परत येईल का?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही जे वाचले आहे ते खोटे नाही, आणि म्हणूनच ‘काळजी करू नका’ एवढे लिहून मला पत्र मिटवता येणार नाही. पण त्या खऱ्या माहितीवरून तुम्ही जे तीन निष्कर्ष काढलेत, म्हणजे रक्तवाहिनी उघडण्याने नुकसान झाले, खाण्यातले कॅल्शियम हृदयाच्या पेशीत जाते, आणि घातक वस्तू अडवली की भलेच होते, त्यांतला एकही त्या माहितीतून निघत नाही. तुमच्या घरातले पाच आठवड्यांचे निर्णय या तिन्हींवर उभे आहेत, म्हणून प्रत्येकाकडे नीट पाहू या.

सुरुवात कॅल्शियमपासूनच करते, कारण तुमच्या पत्रात ते एखाद्या विषासारखे आले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आम्हाला बेडकाच्या हृदयाचे प्रात्यक्षिक असे. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ढोल सावकाश फिरायचा, आणि हृदयाला दोऱ्याने जोडलेली काडी त्या काजळीवर प्रत्येक ठोक्याची पांढरी रेघ ओढायची. कॅल्शियमच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाकले की रेघा उंच व्हायच्या, ठोका जोरकस व्हायचा. आणखी टाकत गेले की हृदय आवळायचे आणि आवळलेल्या अवस्थेतच थांबायचे. काडी वर जाऊन तिथेच अडकून राहायची. मला त्या दिवशी जे कळले ते पुढे कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले नाही : ज्याच्यामुळे हृदय चालते, त्याच्याच अतिरेकाने ते थांबते. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८३ साली हेच दुसऱ्या टोकाकडून दाखवले होते. त्यांच्या प्रयोगातली बेडकाची हृदये मिठाच्या द्रावणात उत्तम चालत होती, पण नंतर लक्षात आले की ते द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवलेले होते. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावत जाऊन बंद पडले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच त्या हृदयांना चालवत होते.

आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत प्रत्येक ठोक्याला कॅल्शियमची एक लाट उठते आणि विरते. लाट उठली की तंतू आकुंचन पावतात, कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतले की ते सैल होतात. याच लाटेतला थोडा अंश तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत शिरतो. हृदयाच्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग याच तंतुकणिकांनी व्यापलेला असतो, इतकी या स्नायूला ऊर्जेची गरज असते. आत शिरलेले हे थोडे कॅल्शियम तिथल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, जागे करते : काम वाढले आहे, ऊर्जा वाढवा. अण्णा शेताच्या चढावर चालू लागतात तेव्हा त्यांच्या हृदयाला हा निरोप याच वाटेने मिळतो. तेव्हा मायटोकॉन्ड्रियातले कॅल्शियम हा घुसखोर नाही, तो रोजचा निरोप्या आहे.

मग त्या पहाटे काय झाले? रक्तवाहिनीत गुठळी बसली आणि तिच्या पलीकडच्या स्नायूचा प्राणवायू तुटला. ऊर्जा संपू लागली, आम्ल साचले. ते आम्ल बाहेर टाकण्याच्या धडपडीत पेशीने सोडियम आत घेतले, आणि सोडियम फार वाढल्यावर, जी यंत्रणा एरवी कॅल्शियम बाहेर टाकते ती उलटी चालून कॅल्शियम आत आणू लागली. म्हणजे कॅल्शियमचा साठा रक्तवाहिनी बंद असतानाच वाढत होता, हे कृपा करून लक्षात घ्या. रक्त परत आले तेव्हा तंतुकणिकांना प्राणवायू मिळाला, त्यांच्या आतल्या पडद्यावरचा विद्युतभार परत आला, आणि त्या भाराने आजूबाजूचे साचलेले कॅल्शियम झपाट्याने आत ओढले. त्याच क्षणी प्राणवायूपासून बनणारे उपद्रवी रेणूही वाढले. शिवाय साचलेले आम्ल धुतले गेले. आणि या आम्लाने तोवर, विचित्र वाटेल, पण एक राखण केली होती. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात एक मोठे छिद्र उघडू शकते, ते आम्लामुळे बंद राहते. आम्ल गेले, कॅल्शियम भरले, की काही तंतुकणिकांत ते छिद्र उघडते, त्या फुगतात, आणि ऊर्जा बनवण्याऐवजी उरलीसुरली ऊर्जाही जाळू लागतात. अशा पेशी वाचत नाहीत. हे सारे बहुतांशी रक्त परतल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत घडते. तुमच्या डॉक्टरांनी ‘थोडी इजा’ म्हटले ती हीच.

अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६० साली कुत्र्यांच्या हृदयावर हे प्रथम नोंदवले, आणि १९७२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून दिसले की, ४० मिनिटे रक्त बंद ठेवून १० मिनिटे पुन्हा सुरू केले तर मरणाऱ्या पेशींच्या तंतुकणिकांत कॅल्शियमचे गडद कण साचतात. तुम्ही रात्री वाचलेत त्याचे मूळ बहुधा इथेच आहे. पण त्याच प्रयोगशाळेचे १९७७ चे निष्कर्ष तुमच्या वाचनात आले नसावेत, आणि तुमच्या सहीचा खरा हिशेब त्यांत आहे. रक्तवाहिनी ४० मिनिटांनी उघडली तर धोक्यातल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेला. ३ तासांनी उघडली तर ५७ टक्के. ६ तासांनी उघडली तर ७१ टक्के. आणि उघडलीच नाही तर ८५ टक्के. हे आकडे कुत्र्यांचे आहेत, ते अण्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण चढत्या पायऱ्या पाहा. रक्त परतल्याने होणारी इजा या प्रत्येक आकड्यात आधीच धरलेली आहे, आणि ती धरूनही उघडलेले हृदय बंद राहिलेल्या हृदयापेक्षा चांगले निघाले.

माणसांतही हेच दिसले. १९८६ मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्यांपैकी २१ दिवसांत १०.७ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १३ टक्के. आणि दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तुम्ही शेतीतल्या घरातल्या आहात, म्हणून सांगते. भेगाळलेल्या रानात पाटाचे पाणी सोडले की कुठेतरी एखादा बांध फुटतो, थोडी माती वाहते. पण म्हणून कोणी पीक वाळू देत नाही. ताई, तुमच्या सहीने पेशी मेल्या नाहीत. चार ते नऊ या पाच तासांत त्या मरत होत्या, आणि तुमच्या सहीने ते मरण थांबवले.

त्या पाच तासांबद्दलही तुमच्या मनात टोचणी असणार, जरी तुम्ही ते लिहिले नाही. छातीतले दुखणे पित्तावर ढकलणे ही आपल्याकडची घरोघरची गोष्ट आहे, आणि अण्णांना दोष देऊन आज काही मिळणार नाही. पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी मला इथे थोडे थांबायचे आहे. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, अचानक धाप, यांपैकी काहीही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर सोडा घेऊन वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा आणि पहिल्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. मधुमेही माणसांत आणि बायकांत दुखणे पुसट असू शकते, नुसता थकवा, मळमळ आणि घाम एवढेच असू शकते. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांच्या आत मिळणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन पुढे जाणे योग्य असते. ‘मोठ्या दवाखान्यातच काय ते करू’ या हट्टात पायरीमागून पायरी निसटते. पेशीत कॅल्शियम किती साचणार हे ठरवणारी, आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा वेळच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, औषधाचा. कॅल्शियम ज्या दारातून तंतुकणिकेत शिरते ते दार कोणत्या प्रथिनाचे आहे, हे २०११ मध्ये इटलीतल्या पादुआच्या आणि अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दोन गटांनी एकाच सुमारास शोधले. साहजिकच सर्वांना वाटले की, हे दार बंद केले की काम झाले. २०१३ मध्ये जन्मापासून हे दार नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या तंतुकणिका कॅल्शियम झपाट्याने घेत नव्हत्या, कॅल्शियम भरून त्यांचे ते घातक छिद्रही उघडत नव्हते. तरीही रक्त तोडून परत दिल्यावर त्यांच्या हृदयाचे नुकसान इतर उंदरांएवढेच झाले. शरीराने जन्मापासून दुसरी वाट काढली असावी, असा तर्क झाला. म्हणून २०१५ मध्ये मोठ्या झालेल्या उंदरांच्या फक्त हृदयातून ते दार काढले गेले. या वेळी इजा खरोखर कमी झाली, पण ताण आल्यावर ठोका चटकन जोरकस करण्याची त्या हृदयांची क्षमताही गेली, कारण निरोप्याचीच वाट बंद झाली होती. २०१७ मध्ये उलटा प्रयोग झाला : कॅल्शियम बाहेर सोडणारे दार मोठ्या उंदरांच्या हृदयातून काढले, तर बहुतेक उंदीर काही आठवड्यांतच अचानक मेले, तेच दार नेहमीपेक्षा वाढवले, तर हृदयाचे रक्षण झाले. मला स्वतःला हा शेवटचा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. शिरणे थांबवण्यापेक्षा निघण्याची वाट मोकळी असणे अधिक मोलाचे आहे, असे तो सुचवतो. पण तो उंदरांपुरताच आहे, हे विसरून चालणार नाही.

माणसांवर एक प्रयत्न खूप आशेने झाला. ते घातक छिद्र उघडू न देणारे सायक्लोस्पोरिन हे औषध, जे एरवी अवयवरोपणानंतर देतात, फ्रान्समध्ये अँजिओप्लास्टीच्या ऐन वेळी ५८ रुग्णांवर तपासले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चांगले होते, इजेच्या खुणा कमी दिसल्या. मग ९७० रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचा निकाल आला : वर्षभरात मृत्यू, हृदयाची बिघडलेली अवस्था, रुग्णालयात पुन्हा भरती, हृदयाचा आकार वाढणे, हे सारे मिळून औषध घेतलेल्यांत ५९ टक्के आणि न घेतलेल्यांत ५८ टक्के. काहीच फरक नाही. तेव्हा तंतुकणिकेतले कॅल्शियम रोखून हृदय वाचवणारे, माणसांत सिद्ध झालेले औषध आज नाही, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि ज्या काही मिनिटांत ते उपयोगी पडले असते, ती मिनिटे अण्णांच्या बाबतीत पाच आठवड्यांपूर्वी होऊन गेली आहेत. म्हणून तुमच्या आतेभावाची पावडर आज ज्या शत्रूशी लढायला निघाली आहे, तो रणांगणावर नाहीच.

अशा पावडरींत बहुधा क्यू-टेन, म्हणजे तंतुकणिकांना ऊर्जा बनवायला मदत करणारे द्रव्य, असते. जुनाट हृदयदौर्बल्याच्या ४२० रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याचा फायदा दिसला होता, हे मी लपवत नाही; पण ते रुग्ण नेहमीची औषधे घेत असतानाच ते घेत होते, त्यांच्या जागी नव्हे. डबा डॉक्टरांना दाखवा, आत काय काय आहे ते त्यांना वाचू द्या. भावाला दुखवायचे नसेल तर ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढे बोलणे पुरे आहे. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत भीडभाड ठेवू नका. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवलेली जाळी, नवा असताना त्या कमी केल्या किंवा चुकवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा तीच पहाट येऊ शकते. त्यांतल्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, आणि कोणती कधी थांबवायची हे फक्त अण्णांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगायचे आहे.

ताकद परत येईल का, या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. मेलेल्या पेशींच्या जागी व्रण येतो. हृदयाच्या नव्या पेशी बनतात, पण फारच सावकाश; २००९ च्या एका अभ्यासात पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी, असा हिशेब निघाला. त्यावर आशा ठेवू नका. आशा ठेवायची ती मेल्या नाहीत पण सुन्न पडल्या आहेत अशा पेशींवर. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या हृदयरोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टनिंग’, म्हणजे सुन्न पडणे, असे नाव दिले. या पेशींना रक्त मिळते आहे, त्या जिवंत आहेत, पण त्यांच्यातली कॅल्शियमची चढउतार बिघडलेली आहे आणि तंतू कॅल्शियमच्या लाटेला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून त्या आकुंचन पावत नाहीत. हे बिघडलेले ताळतंत्र दिवसांत, कधी आठवड्यांत सावरते. तिसऱ्या दिवसाचा इको मेलेल्या आणि सुन्न, दोन्ही पेशी एकत्र मोजतो. म्हणून त्या ३५ या आकड्याला अण्णांचे भविष्य समजू नका. चाळीस दिवसांनंतर, तीन महिन्यांपर्यंत, पुन्हा इको होईल, आणि हृदयात धक्का देणारे यंत्र बसवावे का यासारखे निर्णयही त्या नंतरच्या आकड्यावर होतात. तुमचे चाळीस दिवस पुढच्याच आठवड्यात भरत आहेत. जाताना जुना इको बरोबर न्या आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : कोणता भाग हलत नाही आणि तो पातळ झाला आहे का, हृदयाचा आकार वाढला आहे का, आणि हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्यांचा डोस वाढवण्याजोगा रक्तदाब आहे का. आकडा लगेच वाढला नाही तर घाबरू नका, काहींना पूर्ण तीन महिने लागतात. तोवर सपाट जागेवर, बोलता येईल इतक्या वेगाने, डॉक्टरांनी सांगितले तेवढे चालणे चालू राहू द्या. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर धाप लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

उरले दूध आणि आईच्या गोळ्या. रक्तातले कॅल्शियम शरीर फार काटेकोर राखते, १०० मिलिलिटरमध्ये साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. खाण्यात कमी पडले तर हाडांतून काढून ते भरले जाते. हृदयाच्या पेशीत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, आणि ही तफावत राखणे पेशीच्या पडद्याचे आणि ऊर्जेचे काम आहे, ताटातल्या दह्याचे नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारे कॅल्शियम, जे सीटी स्कॅनमध्ये मोजतात, ते आणखी निराळे प्रकरण, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांना ‘कॅल्शियम रोखणाऱ्या’ म्हणतात त्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर काम करतात. एकाच शब्दामुळे हे सगळे एकमेकांत मिसळू देऊ नका. अण्णांना साय काढलेले दूध आणि घरचे दही द्या, त्यांना तेवढाच आनंद.

आईचा मनगटाचा अस्थिभंग तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने आज घरातला सर्वांत तातडीचा धोका तोच आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हृदयविकार वाढतो का, यावर मतभेद झाले आहेत. २०१० च्या एका विश्लेषणात धोका दिसला, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी मर्यादेत घेतल्यास तो दिसत नाही असे म्हटले. दोन्हींतून निघणारी वाट एकच आहे : आहारातले धरून दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅमच्या आसपास, त्याहून जास्त नाही. नाचणी, तीळ, दूध यांतून किती मिळते ते आधी पाहा, उरलेले गोळीतून. डॉक्टरांना एकदा फोन करून आईच्या गोळ्या उद्यापासून पुन्हा सुरू करा, जेवणाबरोबर. आणि त्या थायरॉइडची गोळीही घेत असतील, तर ती सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी.